आकड्यांत रमलेले कापरेकर गुरुजी

मैत्रिणींनो, आज लेख वाचायला बसताना हाताशी एक पेन्सिल घ्या. कागद वाण्याच्या यादीचा मागचा कोरा भाग असला तरी चालेल. त्यावर कोणतेही चार अंक लिहा. चारही सारखे मात्र नकोत, म्हणजे २२२२ किंवा ७७७७ नको. मी १९०५ घेते. हेच का, ते पुढे सांगते. हे चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले तर होतात ९५१०, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा, उरले ९३५१. त्याचं पुन्हा तसंच करायचं. ९५३१ वजा १३५९, आले ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, आले ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ चं तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७. उत्तर पुन्हा ६१७४! इथून पुढे हलायलाच तयार नाही.

तुमच्या लग्नाचं साल घ्या, सासूबाईंचं जन्मसाल घ्या, गॅसच्या पावतीवरचे शेवटचे चार आकडे घ्या. मधेच तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे, एवढं लक्षात ठेवा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी ६१७४ वर येऊन थांबणार म्हणजे थांबणार.

हा आकडा जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. त्याचा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आपल्या डहाणूचे. १७ जानेवारी १९०५ हा त्यांचा जन्मदिवस. म्हणून मी १९०५ घेतलं. योगायोग असा की, सालाला ६१७४ पर्यंत पोचायला पूर्ण सात पायऱ्या लागतात. गुरुजींना स्वतःला जगापर्यंत पोचायलाही असाच लांबचा फेरा पडला.

आम्ही चांदीपला शाळकरी मुलींची एक अभ्यासिका चालवतो. मी स्वतः बी.ए. झालेली, गणिताशी माझं दहावीनंतर फारसं बोलणंच नव्हतं. पण मुलींना गणिताचीच भीती जास्त. पाढे म्हणताना आवाज बारीक होतो, फळ्याजवळ बोलावलं की ओढणीचं टोक तोंडात जातं. एकदा सहज त्यांना हा ६१७४ चा खेळ घातला. आठवीतली एक मुलगी, जी एरवी मागच्या भिंतीला टेकून बसते, तिने अर्ध्या तासात वहीची तीन पानं भरवली आणि मग विचारलं, हे कुणी शोधलं? डहाणूच्या माणसाने, असं सांगितल्यावर कुणालाच खरं वाटेना. डहाणू म्हणजे चिकू, आणि विरारहून सुटणारी लोकल. तिथला माणूस गणिताच्या पुस्तकात कसा असेल? मग त्यांच्यासाठी म्हणून गुरुजींची गोष्ट गोळा केली. आज तीच तुम्हाला सांगते.

गुरुजी जन्मले तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. आपला पालघर जिल्हा तर अलीकडचा, २०१४ सालचा. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. पुढे वडिलांनीच त्याला वाढवलं. वडील कारकुनी करत आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू, पण त्या घरात या मुलाला आकड्यांची गोडी लागली ती तिथूनच. आई नसलेल्या घरातली संध्याकाळ कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मला आपलं वाटतं की, त्या संध्याकाळी या पोराला आकड्यांनी सोबत केली असेल.

शाळेचं शिक्षण ठाण्याला झालं. तिथे तासन् तास गणिती कोडी सोडवत बसायची सवय लागली. १९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२७ मध्ये त्यांना तिथे रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. स्वतःच्या डोक्याने काही नवं गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला ते मिळत असे. (रँग्लर परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजला पहिले आलेले आपले र. पुं. परांजपे, सई परांजपे यांचे आजोबा.) १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. त्यापुढची पदवी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. १९३० पासून देवळालीला शाळामास्तर म्हणून लागले ते १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. बत्तीस वर्षं एक गाव आणि एक काम.

देवळाली म्हणजे नाशिकजवळची लष्करी छावणी. तिची एक गंमत आहे. इंग्रजांच्या काळी मायदेशी परतणारे गोरे सोल्जर तिथे बोटीची वाट बघत थांबायचे. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यातल्या कित्येकांची डोकी फिरायची म्हणे. त्यावरून इंग्रजीत वेड्या माणसाला 'डूलाली' म्हणायची पद्धत पडली, तो शब्द आजही इंग्रजी शब्दकोशात आहे. त्याच देवळालीत हा एक आकडेवेडा मास्तर राहत होता आणि त्यानेही आपल्या एका शोधाला गावाचं नाव दिलं, 'देवळाली संख्या'. गावाचं नाव शब्दकोशात गेलं तेही वेडापायी आणि गणितात गेलं तेही वेडापायीच!

गुरुजींना नावं ठेवायची हौस दिसते. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनात त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव देऊन टाकलं, 'डेम्लो'. डेम्लो म्हणजे आताचं डोंबिवली. त्यातल्या सगळ्यात देखण्या डेम्लो संख्या तुम्ही स्वयंपाक करता करता मुलांना दाखवू शकाल. ११ गुणिले ११ किती? १२१. १११ गुणिले १११ किती? १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं वाढत जातं आणि परत उतरतं. रोज लोकलने जाणाऱ्या बायकांनी डोंबिवली स्टेशनात किती वेळ काढला असेल! पण गर्दीच्या फलाटावर कुणाला असलं काही सुचावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणखी एक प्रकार 'हर्षद' संख्यांचा. हर्ष देणारी ती हर्षद, अगदी आपल्या मुलाचं ठेवावं तसं नाव. एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने त्या संख्येला पूर्ण भाग गेला की ती हर्षद. १२ घ्या. एक आणि दोन तीन, तीनने बाराला भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षदच. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९.

मग 'कापरेकर संख्या'. ५५ चा वर्ग ३०२५, त्याचे दोन तुकडे केले ३० आणि २५, बेरीज परत ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. तुकडे ८८ आणि २०९, बेरीज २९७. मोडलं तरी जोडल्यावर मूळचं ते मूळचं.

आता कुणी विचारेल, याचा उपयोग काय? गुरुजींना हा प्रश्न आयुष्यभर लोकांनी विचारला असणार. आपल्याकडचे बरेच मोठे गणिती त्यांच्या कामाला हसत. कशाला हा पोरखेळ, असंच त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्यांची बाजूही मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. आपण आकडे दहाच्या पटीत लिहितो, कारण हाताला बोटं दहा. बोटं आठ असती तर लिहिण्याची पद्धत बदलली असती आणि ६१७४ ची जादू या रूपात राहिली नसती. म्हणजे ही गंमत आकड्यापेक्षा तो लिहिण्याच्या पद्धतीची जास्त, म्हणून विद्वानांना ती वरवरची वाटायची. मुद्दा चूक नाही. पण रांगोळीही वरवरचीच असते ना? म्हणून ती कुणी काढायचीच नाही की काय!

गुरुजींची खरी अडचण निराळी होती. हे सगळं छापायचं कुठे? मोठमोठ्या गणिताच्या नियतकालिकांना अशा करमणुकीच्या गणिताचं वावडं. वर्तमानपत्रात द्यावं तर कोड्याच्या चौकटीत दोन ओळी मिळणार. कॉलेजात प्राध्यापक असते तर विद्यापीठाचं नाव पाठीशी राहिलं असतं, इथे नुसतेच शाळामास्तर. तरी दारं अगदीच बंद होती असं नाही. भारतीय गणित परिषदेचं 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' नावाचं नियतकालिक १९३३ पासून निघत होतं, त्यात १९३८ मध्ये त्यांच्या डेम्लो संख्या छापून आल्या. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. म्हणजे सगळेच हसत होते असंही नाही, जाणणारेही होते.

६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो सगळ्यांसमोर मांडला. देवळालीचा शाळामास्तर तेव्हाच्या आगगाडीने मद्रासला जातो आणि प्राध्यापकांपुढे उभं राहून वजाबाक्या करून दाखवतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. पुढे पन्नाशीच्या दशकात न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकाने त्यांचं हे काम छापलं. गणिताचा इतिहास, गणितातल्या गमतीजमती यांना तिथे मानाची जागा होती. देवळालीहून पाकिटं न्यूयॉर्कला जात होती आणि तिथे ती उघडली जात होती, ही साधी गोष्ट नव्हे.

बाकी पुष्कळसं लेखन मात्र गुरुजींनी पदरमोड करून छापलं. छोट्या छोट्या पुस्तिका. प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. १९५० मध्ये आवर्ती दशांशांवर एक पुस्तिका, १९५९ मध्ये एक, १९६३ मध्ये आणखी एक. ही १९६३ ची तर निवृत्तीनंतरची, म्हणजे छपाईचं बिल पेन्शनमधून. आपण घर चालवणाऱ्या बायका. शाळामास्तरच्या पगारात महिन्याचा किराणा, दूध, आलागेला हे सगळं भागवून वर छापखान्याचं बिल कसं निघत असेल, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. त्या घरातल्या माऊलीने कधी तोंड वाकडं केलं असेल का? केलं असेल तरी मी तिला दोष देणार नाही.

तुम्ही म्हणाल, छापलं काय आणि नाही छापलं काय, आनंद तर मिळाला ना? इथेच गोष्ट अडते.

गुरुजींची 'स्वयंभू' संख्यांची कल्पना १९४९ ची. इंग्रजीत ते त्यांना 'सेल्फ नंबर' म्हणत, स्वयंभू हे मी आपलं सोयीसाठी म्हणते. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २ आणि १ तीन, मिळून २४. त्यात २ आणि ४ सहा मिळवले की ३०, मग ३३, मग ३९. आई, मुलगी, नात अशी ही साखळी पुढे जात राहते. पण काही संख्या अशा आहेत की, त्यांना आईच नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या तयार होतच नाहीत. २० ही तशी, ३१ तशी, ४२ तशी. याच त्या देवळाली संख्या. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाला बिनआईच्या संख्या सापडाव्यात, हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला. यात कदाचित माझाच हळवेपणा असेल.

तर या संख्यांवरच त्यांनी १९५९ आणि १९६३ च्या पुस्तिका काढल्या. पण देवळालीत छापलेली पुस्तिका किती लांब जाणार? १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या बर्नार्डो रेकामान यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे काढला आणि 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त दिला. ते नियतकालिक सगळ्या जगात वाचलं जायचं. झालं, देवळाली संख्यांना 'कोलंबियन संख्या' असं नाव पडलं! हर्षदचंही तेच. १९७७ मध्ये आयव्हन निव्हन नावाच्या गणितज्ञांनी एका परिषदेत अशा संख्यांचा विषय काढला आणि पुष्कळ जण त्यांना 'निव्हन संख्या' म्हणू लागले. यात कुणी चोरी केली नाही. त्यांनाही तीच गंमत आपली आपण सापडली होती. फक्त ज्याचं लवकर आणि सगळ्यांना दिसेल असं छापून आलं, त्याचं नाव लागलं.

आम्हा बायकांना हे काही नवीन नाही. माझ्या सासूबाईंची करवंदाच्या लोणच्याची कृती एका स्मरणिकेत दुसऱ्याच बाईंच्या नावाने छापून आली होती. सासूबाईंनी कधी लिहून ठेवली नव्हती, आणि त्या बाईंनी लिहिली. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या की, मीठ कमी सांगितलंय. पण मला ते आजही खुपतं.

१९६६ मध्ये गुरुजींच्या पत्नी गेल्या. त्यानंतरचे दिवस कठीण होते. पेन्शनवर भागेना. राहणी तर इतकी साधी की, कमी करायला काही शिल्लकच नव्हतं. सगळा जागेपणीचा वेळ आकड्यांचा, स्वतःसाठी मागणं काहीच नाही. तरी पोट भरायला म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्याच्या नावाच्या संख्या पुढे पुस्तकात जायच्या होत्या तो माणूस देवळालीत शिकवणीची मुलं गोळा करत होता. वाचताना राग येतो, पण नेमका कुणाचा, ते सांगता येत नाही.

आणि मग १९७५ चा मार्च महिना आला.

अमेरिकेत 'सायंटिफिक अमेरिकन' नावाचं विज्ञानाचं मासिक आहे. त्यात मार्टिन गार्डनर १९५७ पासून दर महिन्याला गणिती खेळांवर सदर लिहायचे. गार्डनर यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती, ते शिकले होते तत्त्वज्ञान. तरी त्यांचं सदर शाळकरी पोरापासून विद्यापीठातल्या प्राध्यापकापर्यंत सगळे वाचायचे. करमणुकीच्या गणिताला त्या काळात त्याहून मोठा ओटा जगात कुठे नव्हता. त्या मार्चमध्ये गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. एका महिन्यात देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तेव्हा गुरुजी सत्तर वर्षांचे होते.

रामानुजन यांनी १९१३ मध्ये हार्डी यांना पत्र लिहिलं तेव्हा ते पंचविशीत होते. दोघांच्या गणिताची तुलना नको, रामानुजन ते रामानुजनच. पण वयाचा हिशेब मनात येतोच. सत्तरीला येणारं कौतुक गोड असतं, पण त्याने गेलेली वर्षं भरून निघत नाहीत.

तोवर दिवसही थोडे बदलले होते. १९६८ पासून अमेरिकेत फक्त करमणुकीच्या गणिताला वाहिलेलं 'जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स' निघू लागलं होतं. कापरेकर संख्यांवरचा लेख त्यात १९८० च्या सुमारास आला, तेव्हा गुरुजींनी पंचाहत्तरी ओलांडली होती. तेही नियतकालिक २०१४ मध्ये बंद पडलं. म्हणजे असल्या गणिताला हक्काची जागा मिळणं तेव्हा अवघड होतं आणि आजही फार सोपं आहे असं नाही.

गुरुजी १९८६ मध्ये देवळालीला गेले. त्यानंतर घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ज्याला पोरखेळ म्हणून हसलं गेलं होतं तोच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांचा सरावाचा प्रश्न झाला. ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते शोधणारा प्रोग्रॅम लिहा, असा स्वाध्याय कुठल्या कुठल्या देशातली मुलं करतात. 'हर्षद' हा आपला संस्कृत शब्द 'निव्हन' च्या शेजारी टिकून आहे. ६१७४ ला मात्र दुसरं कुणाचं नाव लागलं नाही. तो वेळेवर छापून आला होता.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींना एवढ्यावर समाधान नव्हतं. तीन अंकांचं काय होतं, असं त्यांनी विचारलं. करून बघा म्हटलं. ३२१ वजा १२३, १९८. मग ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. तिथेच मुक्काम. तेही सगळ्यांचं सारखंच आलं. मग ती भिंतीला टेकून बसणारी मुलगी पाच अंकांवर गेली. पाच अंकांना असा एक मुक्काम नाही, ते नुसते गोल गोल फिरत राहतात, हे मला माहीत आहे, पण मी तिला सांगितलेलं नाही. गेल्या शनिवारी ती वही घरी घेऊन गेली. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःचं नाव, गाव चांदीप आणि तारीख घातली आहे. तेवढं मात्र मी सांगितलं होतं.